स्टोअररूममधलं मशीन

कंडक्टर गोळी खाऊन आला होता, हे हॉलमध्ये सगळ्यांना कळलं ते त्याच्याच बायकोच्या तोंडून.

सिस्टरच्या दोन्ही हातांत ग्लोव्ह्ज होते, म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकून ट्रॉलीवर ठेवला होता. डायलिसिसच्या हॉलमध्ये सकाळची पाळी चालू होती. आठ खुर्च्या, आठ मशीनं, आणि त्या दिवशी एक खुर्ची रिकामी.

"सिस्टर, यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय हो," पलीकडून कंडक्टरची बायको रडत म्हणाली. "दम लागतोय. आज यांची पाळी आहे ना, कुठं आणू?"

"ताप कधीपासून आहे?"

"मागच्या खेपेला तुमच्याकडे आले ना, त्याच्या आदल्या दिवसापासूनच. गोळी घेतली नि आले. म्हणाले, दारावर ताप दिसला तर आत घेणार नाहीत."

सिस्टरनं कोपरानं फोन ढकलून आवाज बंद करायचा प्रयत्न केला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. हाताला नळ्या लावून बसलेली सात माणसं तिच्याकडे बघत होती.

"चार तास," खिडकीजवळच्या खुर्चीतून बाई म्हणाल्या. "चार तास तो माझ्या कानाशी खोकत होता. विचारलं तर म्हणतो, घसा कोरडा पडलाय बाई, आपल्याला पाणी प्यायची बंदी ना."

बाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. त्यांच्या शेजारची खुर्ची कंडक्टरची, त्याच्या पलीकडची शिंपीकाकांची. तिघांची मूत्रपिंडं साधारण एकाच सुमाराला निकामी झाली होती आणि तेव्हापासून तिघं आठवड्यातून दोनदा असे ओळीनं बसत. कंडक्टर हॉलमध्ये शिरायचा तोच "पुढे सरका, पुढे सरका" करत. मशीन सुरू झालं की म्हणायचा, "सुटली गाडी." बाई त्याला दटावायच्या आणि मग तोंड फिरवून हसायच्या. शिंपीकाका दोघांचं ऐकत बसायचे.

त्या दिवशी शिंपीकाकांनी मोकळ्या हातानं मास्क आणखी वर ओढला.

हॉस्पिटलचा नियम साथ सुरू झाली तेव्हाच ठरला होता. ताप असलेला माणूस आत घ्यायचा नाही. त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला, तापाच्या हॉस्पिटलात पाठवायचं. तो नियम सुपरिंटेंडंट डॉक्टरांनी काढला होता आणि हॉलच्या दारावर सिस्टरनं स्वतःच्या हातानं चिकटवला होता. तिनं कंडक्टरच्या बायकोला परत फोन करून तेच सांगितलं.

"तिथं डायलिसिसचं मशीन आहे का?" बायकोनं विचारलं.

"असेल. सोय करणार आहेत म्हणे," सिस्टर म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

पुढच्या पाळीला शिंपीकाका आले. दारावरच्या वॉचमननं त्यांच्या कपाळाशी तापमापक धरला आणि यंत्र किंचाळलं. शिंपीकाकांनी गोळी खाल्ली नव्हती.

"रात्री कणकण होती," ते म्हणाले. "मला वाटलं, सांगितलेलं बरं."

सिस्टर दाराशी गेली. मध्ये चार पायऱ्यांचं अंतर ठेवून तिनं त्यांनाही तापाच्या हॉस्पिटलचा पत्ता दिला. ते तिच्याशी वाद घालते, आरडाओरडा करते तर तिला सोपं गेलं असतं. त्यांनी मान हलवली, "बरं, येतो मग," असं म्हणाले आणि कठड्याला धरून जिना उतरले. आठवडा संपायच्या आत ते तिकडं वारले. तिथं ऑक्सिजन होता, गाद्या होत्या, मशीन नव्हतं. ते शेवटी तापानं गेले की अंगात साचलेल्या पाण्यानं, हे कुणी बघितलं नाही.

"त्या कंडक्टरनं मारलं त्यांना," बाई भर हॉलमध्ये म्हणाल्या, आणि कुणीही त्यांना अडवलं नाही.

सिस्टरलाही कंडक्टरचा संताप आलाच होता. पण रोज घरी जाताना तिच्या मनात दुसरंच येई. जो खोटं बोलला त्याला चार तास मशीन मिळालं. जो खरं बोलला त्याला आपण जिन्यावरून परत पाठवलं.

शिंपीकाका गेल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वॉचमननं तिला खाली बोलावलं. पार्किंगमध्ये एक गाडी उभी होती. मागच्या सीटवर कंडक्टर बसला होता. आडवं झालं की जीव घुसमटत होता, म्हणून समोरच्या सीटवर कपाळ टेकून बसला होता. पाय इतके सुजले होते की चपला घातल्या नव्हत्या. शेजारी ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता.

"तिकडून आणलं मी यांना," बायको म्हणाली. तिच्या आवाजात आता रडू नव्हतं. "ते म्हणतात, फुप्फुसाचं आम्ही बघतो, किडनीचं तुमच्या हॉस्पिटलात बघा. तुम्ही म्हणता, तिकडं जा. माणसाचे दोन तुकडे करून दोन ठिकाणी नेऊ का?"

सिस्टर खिडकीशी वाकली. "का लपवलंत?"

कंडक्टरनं मान वर केली. एकेक शब्दाला तो थांबत होता. "सांगितलं असतं... तर घेतलं असतंत?"

तिच्या थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्या क्षणी तिला त्याची कीव आली नाही. रागच आला, आधीपेक्षा जास्त. ती वळली आणि तडक सुपरिंटेंडंटच्या खोलीत गेली.

"हॉलमागची स्टोअररूम रिकामी करून द्या," ती म्हणाली. "तिला गल्लीतून वेगळं दार आहे. जास्तीचं मशीन धूळ खात पडलंय. ताप असलेल्यांचं तिथं करते."

"तुमच्या त्या मुख्याध्यापिका बाई आत्ताच फोनवर तासभर माझं डोकं खाऊन गेल्या," सुपरिंटेंडंट म्हणाले. "एक जरी तापाचा पेशंट इमारतीत दिसला तर कोर्टात खेचते म्हणाल्या. आणि हॉलमध्ये साथ पसरली तर? ही माणसं किती नाजूक असतात, मी तुम्हाला सांगायला हवं?"

"पसरलेलीच आहे. आम्ही त्यांना खोटं बोलायला लावतोय, म्हणून पसरतेय."

"नर्स कुठून देऊ?"

"मी आहे."

"काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"तुम्ही नाही म्हणालात, तर खाली गाडीत बसलाय त्याची तुमची. हो म्हणालात तर माझी."

सुपरिंटेंडंटनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी हो म्हणालेलो नाही," ते म्हणाले. "मला काही माहीत नाही. पण उद्या सुतार, प्लंबर कुणी लागला तर माझं नाव सांगा." एवढं बोलून त्यांनी फोन उचलला आणि कुणाचाच नंबर न लावता तो कानाला धरून बसले.

कंडक्टरला तोवर गल्लीच्या तोंडाशी, छपराखाली, खुर्चीत बसवलं. त्याचा दिवस निघावा म्हणून किडनीच्या डॉक्टरांनी फोनवरून औषधं सांगितली, सिस्टरनं ती दिली. त्यावर फार वेळ निभणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

डायलिसिसच्या मशीनला शुद्ध केलेल्या पाण्याची नळी लागते आणि घाण पाणी वाहून जायला दुसरी. दोन्ही हॉलपर्यंतच येत होत्या. त्या स्टोअररूममध्ये न्यायच्या तर भिंतीला भोक पाडावं लागणार होतं, आणि ते काम मशीनांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाचं होतं. तरुण, कामाला वाघ, तोंडानं फटकळ. सिस्टरनं सांगितल्यावर त्यानं हातातला पाना टेबलावर आपटला.

"माझी बायको सातव्या महिन्यात आहे. तुम्हाला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"आणि तरी मला सांगताय. तुमची पोरं मोठी झाली, बाहेरगावी गेली. तुम्हाला मोठेपणा मिरवायला काय जातंय?"

"मोठेपणा गेला खड्ड्यात. पाणी आणून दे. पेशंट आत आल्यावर तू आत येऊ नकोस."

"नाहीच येणार. लिहून ठेवा. पाणी मी देतो, पुढचं तुम्ही आणि तुमचा तो बुकिंग क्लार्क बघा."

"कंडक्टर."

"जो असेल तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ड्रिल लावलं. हॉलमध्ये पाळी चालूच होती, ती थांबवणं शक्य नव्हतं. भिंत थरथरली, पांढरी धूळ उडाली, आणि बाईंना एका मिनिटात सगळं उमगलं.

"तिकडं काय चाललंय?"

सिस्टरनं लपवलं नाही. तिनं मास्क नीट केला आणि सरळ सांगितलं.

मग जो गदारोळ झाला तसा त्या हॉलनं कधी पाहिला नव्हता. सगळे एकदम ओरडायला लागले, आणि उठून कुणालाच जाता येत नव्हतं. प्रत्येकाचा एक हात नळ्यांनी मशीनला बांधलेला. रागानं मुठी आवळल्या गेल्या की नळ्यांतला दाब बदलायचा, की मशीनं बोंबलायला लागायची. एकाचं मशीन गप्प करावं तोवर दुसऱ्याचं सुरू. सिस्टर आणि मदतीची नर्स या खुर्चीवरून त्या खुर्चीवर धावत होत्या, आणि शिव्या खात होत्या.

"एकाच भिंतीआड? एकच पाणी?" कुणीतरी ओरडलं.

"पाणी आत जातं, परत येत नाही," तंत्रज्ञ भिंतीकडे तोंड करूनच ओरडला. "मला काय हौस आलीय का?"

"शिंप्याचा जीव घेतलेल्या माणसाला तुम्ही मांडीवर घेऊन बसणार?" बाई म्हणाल्या. "माझी नळी काढा. मी घरी जाते."

"काढते," सिस्टर म्हणाली. "पुढच्या पाळीला कुठं जाल?"

"ही धमकी झाली."

"हो, धमकीच आहे. तुम्ही काल केली, मी आज करते."

बाईंच्या चेहऱ्याचा रंग उतरला. आयुष्यात त्यांच्याशी असं कुणी बोललं नसावं. सिस्टरला बोलून झाल्यावर वाईट वाटलं, पण ते तिनं दाखवलं नाही. ती हॉलच्या मधोमध उभी राहिली.

"आता मला एकच सांगा. उद्या तुमच्यातल्या कुणाला ताप आला, तर तुम्ही दारावर सांगाल? शिंपीकाकांनी सांगितलं, त्यांचं काय झालं, बघितलंत. खरं बोला."

ड्रिल थांबलं होतं. मग दाराजवळच्या खुर्चीतली भाजीवाली मावशी, जी एरवी येताना आणि जाताना नमस्काराखेरीज तोंड उघडत नसे, ती म्हणाली, "मी गोळी खाऊन येईन."

"मावशी!" बाई म्हणाल्या.

"खोटं कशाला बोलू बाई. मला दोन पोरी आहेत. मी खाईन गोळी. तुम्ही नाही खाणार?"

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची मागची बाजू होती. पाळी संपल्यावर सिस्टरनं त्यांच्या हाताला पट्टी बांधली तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मी तुम्हाला माफ करणार नाही."

"नका करू. पट्टी घट्ट नाही ना झाली?"

दुपारी हॉल रिकामा झाल्यावर कंडक्टरला गल्लीतल्या दारानं आत आणलं. स्टोअररूममध्ये खिडकी नव्हती. भिंतीला लावलेली लोखंडी रॅकं तशीच होती, त्यांवरचे खोके तेवढे खाली कोपऱ्यात रचले होते. सिस्टरनं पीपीई किट चढवलं. पाच मिनिटांत पाठीवरून घाम वाहू लागला आणि गॉगलवर वाफ धरली. कंडक्टरच्या हातावरची फुगलेली शीर एरवी तिला डोळे मिटून सापडली असती. आता दोन ग्लोव्ह्जच्या आडून बोट फिरवताना काहीच लागेना. पहिली सुई चुकली. तो हूं की चूं करेना. दुसऱ्यांदा लागली.

मशीन सुरू झालं. तो "सुटली गाडी" म्हणाला नाही.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "काका कसे आहेत?"

सिस्टर मशीनचे आकडे बघत राहिली. त्याच्या बायकोनं सांगितलं नव्हतं तर. "गेले," ती म्हणाली.

त्याचा श्वास आधीच लागलेला होता, त्यात हुंदका मावेना. तो नुसता तोंड उघडून खाली बघत राहिला. "माझ्यामुळं," तो म्हणाला.

त्याला नाही म्हणावं, असं तिला वाटलं नाही. "त्यांना ताप तुमच्यामुळं आला असेल," ती म्हणाली. "मशीन मिळालं नाही ते तुमच्यामुळं नाही. आता बोलू नका, ऑक्सिजन उतरतोय."

तासभर बरं चाललं. मग मशीन एकाएकी ओरडायला लागलं. पाणी येत नव्हतं. सिस्टरनं खाली पाहिलं तर भिंतीजवळचा नवा सांधा सुटला होता आणि पाणी फरशीवरून विजेच्या बोर्डाच्या दिशेनं पसरत होतं. तिनं पायानं खोका लोटून पाणी अडवलं, हातानं नळी दाबून धरली. सांधा बसेना. कंडक्टरचं रक्त मशीनमध्ये फिरत होतं, पण स्वच्छ काहीच होत नव्हतं.

हॉलमधल्या दाराच्या काचेआड तंत्रज्ञ उभा होता.

"उजवीकडं फिरवा!" तो ओरडला. "उजवीकडं हो! तुमचं उजवं!"

"फिरत नाहीये!"

"तो आवळायला पाना लागतो!"

दोघं काचेतून एकमेकांकडे बघत राहिले. तिनं त्याला ये म्हटलं नाही. बोर्डाकडे जाणारं पाणी तेवढं त्यालाही दिसत होतं. त्यानं तिला एक शिवी घातली, काचेतूनही ती नीट ऐकू आली, आणि तो दिसेनासा झाला. परत आला तो किट अंगात अडकवत, पाना हातात गच्च धरून. आधी हॉलमधून वीज तोडली, मशीन त्याच्या बॅटरीवर चालत राहिलं. मग गुडघ्यावर बसून त्यानं सांधा आवळला, पाणी पुसलं, नळी ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. कंडक्टर त्याला हात जोडायला लागला तशी तो खेकसला, "हात हलवू नका. सुई निघेल."

त्या संध्याकाळी तो घरी गेला नाही. बायकोला तिच्या माहेरी पाठवून दिलं आणि स्वतः हॉस्पिटलच्या एका रिकाम्या खोलीत मुक्काम ठोकला. सिस्टरशी त्यानं कामापुरतं बोलणंही सोडलं. काही लागलं तर मदतीच्या नर्सला सांगायचा, आणि ती सिस्टरला. पण स्टोअररूमच्या पाळीच्या आधी सांधा रोज तपासलेला असे. मुलगी झाली तेव्हा त्यानं हॉलमध्ये सगळ्यांना सांगितलं, सिस्टर आत येताच गप्प झाला. बदलीसाठी त्यानं अर्ज केला होता, तो मंजूर झाल्यावर ती त्याला भेटायला गेली. "तुझ्यामुळं चाललं सगळं," ती म्हणाली.

"तुमच्यामुळं मी पोरगी महिनाभर फोनवर बघितली," तो म्हणाला आणि अवजारांची पेटी बंद करून निघून गेला.

तोवर दारावरचा नियम बदलला होता. ताप असेल तर सांगा, गल्लीतल्या दारानं घेऊ. सुपरिंटेंडंटनी तो स्वतःच्या सहीनं काढला आणि वरच्या लोकांना ही आपली कल्पना म्हणून सांगितला. सिस्टरनं ते ऐकलं नि सोडून दिलं. लोक सांगायला लागले. भाजीवाली मावशी आली, दुसऱ्या वारांच्या पाळीतले दोघं आले, दुसऱ्या हॉस्पिटलांनी परत पाठवलेलेही यायला लागले. एक जण वाचला नाही, बाकीचे वाचले.

कंडक्टरही वाचला. रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर त्याला स्टोअररूम सोडायची पाळी आली, तर तो अडून बसला.

"मला इथंच राहू द्या, सिस्टर. तिकडं मला कुणी नको आहे."

"इथं दुसरा येणार आहे दुपारी. उठा."

तो हॉलमध्ये गेला तेव्हा कुणी वर बघितलं नाही. त्याची खुर्ची तीच होती. शिंपीकाकांच्या खुर्चीत एक नवीन बाई होती, तिला यातलं काही माहीत नव्हतं. सुई लागली, मशीन सुरू झालं.

"बोला बाई, काय बोलायचंय ते," कंडक्टर बऱ्याच वेळानं म्हणाला. "चार तास मी कुठं जात नाही."

बाईंनी मान वळवली नाही. "शिंप्याच्या घरी गेला होतास?"

"गेलो होतो. दार उघडलं नाही त्यांनी."

"बरं केलं," बाई म्हणाल्या.

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. पुढच्या पाळीलाही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बाईंनी जागा बदलून मागितली होती, पण खिडकीजवळची दुसरी खुर्ची नव्हती, आणि खिडकी त्यांना सोडायची नव्हती.

साथीची दुसरी लाट आली तेव्हा एका सकाळी सिस्टरचा फोन वाजला.

"मी बोलतेय," बाई म्हणाल्या. "अंगात ताप आहे. मोजला. गोळी घेतलेली नाही."

"गल्लीतल्या दारानं या," सिस्टर म्हणाली. "मी थांबते."

बाई आल्या. मुलगा त्यांना दारापर्यंत सोडून मागं सरला. त्या हातातली पिशवी छातीशी धरून आत आल्या, आणि रॅकं, खोके, भिंतीतलं भोक, सगळं शाळा तपासायला आल्यासारखं बघून घेतलं.

"इथं खिडकी नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"तुमच्याविरुद्ध मी तक्रार केली होती, ती मागे घेतलेली नाही."

"माहीत आहे. बसा. हात पुढे करा."

बाईंनी हात पुढे केला. तो कापत होता. सिस्टरनं तो आपल्या गुडघ्यावर घेतला, थरथर थांबेपर्यंत वरून तळहात दाबून धरला, आणि मग शीर शोधू लागली.